ॲडमिट आलं की आधी हे वाचा: अमेरिकी विद्यापीठांच्या क्लेरी अहवालाचं परीक्षण

अमेरिकेतल्या विद्यापीठाचं ॲडमिट हातात पडलं की घरात पुढचे काही आठवडे हिशेबाचे असतात. फी, कर्ज, असिस्टंटशिप मिळेल का, रँकिंग, थंडी किती. पैशाच्या मदतीसह आलेल्या ऑफरला उत्तर द्यायची मुदत बहुतेक ठिकाणी १५ एप्रिल असते. या सगळ्या कागदांत एक कागद सहसा नसतो: विद्यापीठाचा 'ॲन्युअल सिक्युरिटी रिपोर्ट', म्हणजे रोजच्या बोलण्यातला क्लेरी रिपोर्ट. तो फुकट आहे, दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत प्रसिद्ध करावाच लागतो, आणि प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या कोणालाही, अगदी सांगलीतून ईमेल करणाऱ्या अर्जदारालाही, मागितला तर द्यावा लागतो.

अहवालासोबत आणखी तीन गोष्टी येतात: गुन्ह्यांची रोजची नोंदवही, शिक्षण खात्याचं तुलनेचं संकेतस्थळ आणि धोक्याचे मेसेज. चारही एकाच कायद्याची लेकरं आहेत. एकटा अहवाल वाचून निर्णय घेतला तर फसगत होते, म्हणून इथे चारही एकत्र तपासल्या आहेत.

ज्या मुलीच्या नावाने हा कायदा ओळखला जातो ती जीन ॲन क्लेरी. जन्म २३ नोव्हेंबर १९६६, घर फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉरमध्ये. तिचे दोन्ही भाऊ न्यू ऑर्लिन्सच्या ट्युलेन विद्यापीठात शिकलेले, त्यामुळे तिच्यासाठीही तेच डोक्यात होतं. पण तिथल्या एका विद्यार्थिनीचा कॅम्पसबाहेर खून झाल्याचं कानावर आलं आणि आईवडिलांनी, कॉनी आणि हॉवर्ड यांनी, बेत बदलला. घरापासून फार लांब नसलेलं, बेथलेहेम गावातलं, टेकडीच्या उतारावरचं लिहाय विद्यापीठ त्यांना जास्त सुरक्षित वाटलं. सुरक्षिततेचा विचार करूनच त्यांनी मुलीचं कॉलेज निवडलं होतं. हा तपशील विसरता कामा नये. चूक त्यांच्या काळजीत नव्हती. काळजी घेणाऱ्या पालकाला लागणारी माहितीच कुठे उपलब्ध नव्हती.

५ एप्रिल १९८६च्या पहाटे स्टॉटन हॉल या हॉस्टेलमधल्या तिच्या खोलीत तिच्यावर बलात्कार झाला आणि तिचा खून झाला. ती पहिल्या वर्षाला होती, वय १९. मारणारा त्याच विद्यापीठातला विद्यार्थी होता, तिच्या ओळखीचा नव्हता, चोरीसाठी आत शिरला होता. वाटेतली तीन दारं कुलूपबंद असायला हवी होती. आपोआप लागणारी ती दारं ये-जा सोपी व्हावी म्हणून उघडी अडकवून ठेवलेली होती. नंतर बाहेर आलं की आधीच्या चार महिन्यांत या हॉस्टेलची दारं अशी अडकवून ठेवल्याच्या १८१ नोंदी झाल्या होत्या, आणि आधीच्या तीन वर्षांत कॅम्पसवर हिंसेचे ३८ गुन्हे घडले होते. नोंदी होत्या, फक्त त्या पालकांना दाखवण्याची सक्ती कोणावर नव्हती.

क्लेरी दांपत्याने विद्यापीठावर अडीच कोटी डॉलरचा दावा लावला. तो तडजोडीने मिटला, लिहायने सुरक्षेत सुधारणा मान्य केल्या, आणि मिळालेल्या पैशातून १९८७ मध्ये 'सिक्युरिटी ऑन कॅम्पस' ही संस्था उभी राहिली. आज तिचं नाव क्लेरी सेंटर आहे; विद्यापीठांतल्या लोकांना या कायद्याचं प्रशिक्षण देणं हे तिचं मुख्य काम. १९८८ मध्ये पेनसिल्व्हेनियाने राज्यापुरता कायदा केला, नोव्हेंबर १९९० मध्ये तो देशभरासाठी झाला आणि १९९८ मध्ये त्याला जीनचं नाव मिळालं. नंतर एकेक दुर्घटनेने त्यात भर पडत गेली. २००८ मध्ये तातडीचे इशारे आणि हॉस्टेलच्या आगींची माहिती आली, २०१३ मध्ये पाठलाग, घरगुती हिंसा आणि प्रेमसंबंधातली मारहाण हे आकडे आले. २०२४च्या डिसेंबरात तिकडची रॅगिंग, म्हणजे हेझिंग, कायद्यात आली. तिचे २०२५ सालचे आकडे १ ऑक्टोबर २०२६पर्यंत यायच्या अहवालात दिसायला हवेत.

आता प्रत्यक्ष कागद. विद्यापीठाचं नाव आणि 'ॲन्युअल सिक्युरिटी रिपोर्ट' असं शोधलं की बहुतेक वेळा पोलीस विभागाच्या पानावर पीडीएफ सापडते. बऱ्याचदा ती शंभरच्या वर पानांची असते आणि निम्मी पानं कायद्याची ठरलेली भाषा असते. पहिलं पाऊल: कॅम्पस कोणता ते बघा. प्रत्येक कॅम्पसचा तक्ता वेगळा असतो. ॲरिझोना स्टेटसारख्या विद्यापीठाचे फिनिक्स परिसरातच टेंपी, डाउनटाउन, पॉलिटेक्निक आणि वेस्ट व्हॅली असे चार कॅम्पस आहेत. मुलाचे वर्ग पॉलिटेक्निकला आणि तुम्ही वाचताय टेंपीचा तक्ता, असं सहज होतं.

तक्त्यात तीन वर्षांचे आकडे जागेनुसार मांडलेले असतात: कॅम्पसवर, त्यातले हॉस्टेलमधले, कॅम्पसपासून दूर पण विद्यापीठाच्या ताब्यातल्या इमारतींत, आणि कॅम्पसला लागून असलेल्या सार्वजनिक जागेत. इथे एक गंमत नेहमी फसवते. 'हॉस्टेल' हा रकाना 'कॅम्पस' या रकान्याचाच भाग आहे. दोन्हींची बेरीज केली तर तोच गुन्हा दोनदा मोजला जातो.

कोणता गुन्हा मोजतात आणि कोणता नाही, हे कळल्याशिवाय तक्ता वाचण्यात अर्थ नाही. खून, बलात्कार, लैंगिक हेतूने केलेला स्पर्श, जबरी चोरी, गंभीर हल्ला, घरफोडी, वाहनचोरी, जाळपोळ हे मोजतात. साधी चोरी मोजत नाहीत, ती द्वेषातून केलेली असेल तरच मोजतात. म्हणजे लायब्ररीच्या टेबलावरून लॅपटॉप गेला तर तो या तक्त्यात दिसणार नाही; बाहेरच्या माणसाने हॉस्टेलच्या खोलीत शिरून तोच लॅपटॉप उचलला तर ती घरफोडी, मग दार फोडलेलं नसलं तरी. सायकल, फोन, पाकीट यांच्या चोऱ्या हा विद्यार्थ्याच्या रोजच्या आयुष्यातला मोठा त्रास, आणि नेमका तोच इथे गायब असतो.

एकाच घटनेत अनेक गुन्हे घडले तर सर्वांत गंभीर एकच मोजायचा, असा नियम आहे. लुटताना मारहाण झाली तर फक्त लूट धरतात. या नियमाला अपवाद आहेत: जीनच्या बाबतीत घडलं तशा घटनेत आता बलात्कार आणि खून दोन्ही मोजावे लागतात. दुसरं, आकडे तक्रारींचे असतात, शिक्षांचे नव्हेत. हॉस्टेलचे वॉर्डन, डीन, खेळांचे प्रशिक्षक अशांच्या कानावर आलेली घटनाही मोजावी लागते, पोलिसांत गेलेली असायलाच हवी असं नाही. व्यावसायिक समुपदेशक आणि धर्मगुरू यांना यातून सूट आहे. तिसरं, गुन्हा ज्या वर्षी कळवला त्या वर्षात मोजतात. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या तक्त्यात मध्यंतरी स्पर्शाच्या गुन्ह्यांचा आकडा एकदम प्रचंड झाला, तो एका दिवंगत डॉक्टराविषयी कित्येक दशकांनंतर पुढे आलेल्या तक्रारींमुळे. आकडा उडालेला दिसला की खालची तळटीप वाचा.

सर्वांत मोठा गैरसमज शून्याबद्दल आहे. बलात्काराच्या रकान्यात ०, ०, ० दिसलं की पालकांचा जीव भांड्यात पडतो. पडू देऊ नका. २०१४च्या आकडेवारीत ९१ टक्के कॉलेजांनी बलात्काराची एकही घटना दाखवली नव्हती, असं अमेरिकी विद्यापीठीय महिलांच्या संघटनेने (एएयूडब्ल्यू) मोजून दाखवलं होतं. यात हॉस्टेल नसलेल्या छोट्या संस्था पुष्कळ आहेत, हे खरं. पण दहा-पंधरा हजार मुलं हॉस्टेलमध्ये राहतात आणि तीन वर्षं शून्य, याचा अर्थ मुली तक्रार करायला पुढे येत नाहीत किंवा आलेली तक्रार कागदावर चढत नाही, असा धरणं जास्त शहाणपणाचं. ज्या विद्यापीठाचा आकडा मोठा आहे आणि सोबत तक्रार कुठे करायची, गुप्तता कशी राहील, खोली किंवा वर्ग कसा बदलून मिळेल हे नीट लिहिलेलं आहे, ते आमच्या मते जास्त विश्वासाचं. दारूच्या नियमभंगाचे आकडे तसेच: शेकड्यांनी दिसले तर तिथे नियम कडक राबवतात, एवढंच त्यातून कळतं.

तुलना करायची तर शिक्षण खात्याच्या 'कॅम्पस सेफ्टी अँड सिक्युरिटी' या संकेतस्थळावर जा. एका संस्थेचे आकडे बघणं, अनेक संस्था शेजारीशेजारी ठेवणं, वर्षांचा कल बघणं आणि सगळी माहिती उतरवून घेणं, अशा सोयी तिथे आहेत. साधन उपयोगी आहे, पण दोन उणिवा आहेत. एक, नवं वर्ष तिथे उशिरा चढतं. ताजा तक्ता विद्यापीठाच्या पीडीएफमध्येच मिळतो. दोन, आकडे कच्चे असतात, विद्यार्थिसंख्येने भागलेले नसतात. ते काम तुम्ही करा. समजा, एका ठिकाणी हॉस्टेलमध्ये १०,००० मुलं आणि वर्षात २० घरफोड्या. दुसरीकडे २,५०० मुलं आणि १० घरफोड्या. पहिलीकडे हजारी २, दुसरीकडे हजारी ४. कच्च्या आकड्यात दुसरं विद्यापीठ दुप्पट सुरक्षित दिसतं, प्रत्यक्षात दुप्पट वाईट आहे. भागायचं ते हॉस्टेलमधल्या मुलांच्या संख्येने, एकूण पटाने नव्हे. ऑनलाइन शिकणारी मुलं पटात धरली जातात आणि दर उगाच छान दिसतो. २०२० साल तुलनेत धरू नका, तेव्हा हॉस्टेलं रिकामी होती. २०१४च्या आधीचे लैंगिक गुन्ह्यांचे आकडेही आजच्या आकड्यांशी जोडू नका. तेव्हा व्याख्या आणि रकाने वेगळे होते. कॅम्पसवरच विद्यापीठाचं मोठं रुग्णालय असेल तर तिथले हल्लेही याच तक्त्यात येतात, हेही ध्यानात असू द्या.

आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी या अहवालातली खरी पोकळी वेगळीच आहे. मास्टर्सला जाणारी आपली मुलं बहुतेक कॅम्पसबाहेर अपार्टमेंटमध्ये चौघं-पाचजणं मिळून राहतात. ते अपार्टमेंट खासगी मालकाचं असेल तर क्लेरीच्या नकाशात येतच नाही. 'सार्वजनिक जागा' म्हणजे कॅम्पसला चिकटलेला पदपथ, पुढचा रस्ता आणि पलीकडचा पदपथ, इतकंच. दोन गल्ल्या सोडून बस थांब्यावर लूट झाली तर तक्त्यात काहीच उमटत नाही. लॉस एंजेलिसमध्ये एप्रिल २०१२ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दोन चिनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कॅम्पसपासून सुमारे मैलभर अंतरावर, उभ्या गाडीत गोळ्या घालून मारण्यात आलं. मैलभर लांबचा असा रस्ता या व्याख्येत बसत नाही. म्हणून अपार्टमेंट ठरवताना क्लेरी अहवाल बाजूला ठेवा आणि त्या शहराच्या पोलिसांचा गुन्ह्यांचा नकाशा उघडा. पुष्कळ शहरांच्या पोलिसांनी तो ऑनलाइन ठेवलेला असतो. पत्ता टाका, अर्ध्या मैलाचा घेर धरा, सहा महिने मागे जा, आणि लूट व घरफोडी या दोनच गोष्टी बघा. वेळ बघायला विसरू नका. लॅबमधून रात्री अकराला परतणाऱ्या मुलीच्या वाटेवर संध्याकाळी सात ते मध्यरात्रीच्या नोंदी किती, हा खरा प्रश्न.

चौघांत सर्वांत कामाची वस्तू कोणती असं विचाराल तर रोजची नोंदवही. ज्या विद्यापीठाचे स्वतःचे पोलीस किंवा सुरक्षारक्षक आहेत त्यांना ती ठेवावीच लागते. गुन्हा कळल्यापासून कामाच्या दोन दिवसांत नोंद व्हायला हवी: प्रकार, घडल्याची तारीख-वेळ, ढोबळ जागा आणि पुढे काय झालं. मागच्या ६० दिवसांची वही कोणीही कामाच्या वेळेत लगेच बघू शकतो, त्याआधीची मागितल्यावर कामाच्या दोन दिवसांत. पुष्कळ विद्यापीठं ती ऑनलाइन ठेवतात, पण तशी सक्ती नाही; नसेल तर तिथे आधीच शिकणाऱ्या ओळखीच्या मुलाला पोलीस कचेरीत जाऊन बघायला सांगता येतं. वहीची ताकद दोन गोष्टींत आहे. तिच्यात साध्या चोऱ्याही येतात. आणि कॅम्पस पोलिसांची गस्त जिथवर जाते तिथवरच्या नोंदी येतात, म्हणजे तक्त्यातून सुटलेल्या गल्ल्या कधीकधी इथे सापडतात. ६० दिवसांची वही चाळा आणि जागांची नावं टिपा. एकाच पार्किंगचं किंवा एकाच हॉस्टेलचं नाव चार वेळा आलं तर ती जागा टाळा. शेवटचा रकानाही वाचा: 'अटक', 'शिस्त विभागाकडे सोपवलं', 'तपास सुरू' अशा नोंदी जिवंत वहीच्या. पानभर नुसतं 'बंद' असेल तर तिथे काम कसं चालतं याचा अंदाज येतो. १८१ अडकवलेल्या दारांची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना वहीचं मोल वेगळं सांगायला नको.

इशाऱ्याचे मेसेज दोन जातींचे असतात. 'टाइमली वॉर्निंग' गुन्हा घडून गेल्यावर, धोका अजून टळलेला नसेल तर येतो. 'इमर्जन्सी नोटिफिकेशन' म्हणजे आत्ता, या क्षणी कॅम्पसवर गोळीबार, वायुगळती, वादळ असं काही चालू आहे. खात्री होताच विनाविलंब पाठवायचा. हा दुसरा प्रकार कायद्यात आला तो व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या गोळीबारानंतर. १६ एप्रिल २००७ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमाराला हॉस्टेलमध्ये पहिल्या दोघांना गोळ्या लागल्या. सगळ्यांना पहिला ईमेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर थोड्याच वेळात नॉरिस हॉल या वर्गांच्या इमारतीत संहार सुरू झाला. एकूण ३२ जणांचा बळी गेला, त्यांत मुंबईहून वास्तुरचनेत पदव्युत्तर शिक्षण घ्यायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती. शिक्षण खात्याने इशारा उशिरा दिल्याबद्दल ५५,००० डॉलरचा दंड ठोठावला, अपिलांनंतर ३२,५०० डॉलर भरले गेले. रक्कम वाचून संताप येतो.

मेसेजबाबत हमखास चुकतं ते एका ठिकाणी. अनेक विद्यापीठं नोंदवलेल्या नंबरवरच मेसेज पाठवतात, आणि मुलं अर्ज भरताना भारतातला नंबर देऊन ठेवतात. अमेरिकेतलं सिम घेतल्यावर तो बदलायचा राहतो. ईमेल येत राहतो, पण झोपेत ईमेल कोण बघतं? पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात नंबर बदला. यंत्रणेची चाचणी वर्षातून किमान एकदा करावीच लागते. त्या दिवशी मेसेज आला नाही तर नोंदणीत काहीतरी चुकलंय हे तेव्हाच कळतं.

दंडांविषयी निवाडा मिश्र आहे. ईस्टर्न मिशिगन विद्यापीठात डिसेंबर २००६ मध्ये एक विद्यार्थिनी हॉस्टेलच्या खोलीत मृत सापडली. तिच्या घरच्यांना घातपात नाही असं सांगण्यात आलं आणि दुसऱ्या विद्यार्थ्याला अटक होईपर्यंत कित्येक आठवडे तेच चित्र ठेवलं गेलं. दंड झाला साधारण साडेतीन लाख डॉलर. पुढे आकडे वाढले: पेन स्टेटला २०१६ मध्ये सुमारे २४ लाख, मिशिगन स्टेटला २०१९ मध्ये ४५ लाख, लिबर्टी विद्यापीठाला २०२४ मध्ये १ कोटी ४० लाख डॉलर. पण दंड लावणार केंद्राचं शिक्षण खातं, आणि त्या खात्याने मार्च २०२५ मध्ये जवळपास निम्मे कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं. या कायद्याखाली पालकाला थेट कोर्टात जाता येत नाही; तक्रार खात्याकडेच करावी लागते. शिवाय कायदा सुरक्षिततेची हमी मागत नाही, माहितीची मागतो. ही मर्यादा आधीच ओळखून कागद वाचला तर निराशा होत नाही.

मजकुराच्या पानांत काय शोधायचं? कॅम्पसचे पोलीस अटक करू शकणारे खरे पोलीस आहेत की नुसते पहारेकरी. शहर पोलिसांशी लेखी करार आहे का. लैंगिक अत्याचाराची तक्रार पोलिसांत न देताही खोली, वर्ग, नोकरीची जागा बदलून मिळते, हे स्पष्ट लिहिलंय का. कायद्याने ते मिळायला हवं, आणि चौकशीत सोबत आपल्या पसंतीचा सल्लागार ठेवता येतो. बाकीची धोरणाची भाषा सगळीकडे सारखीच, ती सोडून द्या.

आगीचा भाग मात्र सोडू नका. हॉस्टेल असलेल्या प्रत्येक विद्यापीठाला प्रत्येक इमारतीतल्या आगी, त्यांची कारणं, जखमी, नुकसान, वर्षात घेतलेल्या कवायती आणि आग विझवण्याची यंत्रणा यांचा तक्ता द्यावा लागतो. कारणांच्या रकान्यात स्वयंपाक वारंवार दिसतो. छतात पाण्याचे फवारे आहेत का, हे इमारतीगणिक लिहिलेलं असतं; नसलेली जुनी इमारत नको. आणि विजेची उपकरणं व उघडी ज्योत यांचे नियम इथेच असतात. निरांजन, समई, उदबत्ती, कापूर हे बहुतेक हॉस्टेलांत चालत नाही. इलेक्ट्रिक कुकर, शेगडी यांवरही अनेकदा बंदी असते. बॅग भरण्याआधी हे पान वाचलं तर पाच किलो सामान वाचतं. धुराचा सेन्सर कोथिंबिरीच्या फोडणीलाही ओरडतो; तो पिशवीने झाकणं हा शिस्तभंग असतो, आणि धोका तर त्याहून मोठा.

हा कायदा अमेरिकेपुरताच आहे, तोही केंद्राच्या विद्यार्थी-अर्थसाहाय्यात सहभागी संस्थांपुरता. ब्रिटन, जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी असा अहवाल शोधत बसू नये. आपल्याकडे महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९चा आहे, आणि हिमाचलमधल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाल्यानंतर २००९ मध्ये यूजीसीचे नियम आले; पण कॅम्पसनिहाय गुन्ह्यांचा तीन वर्षांचा तक्ता पालकांसमोर ठेवण्याची सक्ती इथल्या कॉलेजांवर नाही. कॉनी आणि हॉवर्ड क्लेरींनी मिळवलेली ही एक गोष्ट इथेही हवी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

राहिला एक छोटा फॉर्म, ज्याकडे जवळजवळ कोणी बघत नाही. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला 'बेपत्ता झाल्यास कळवायची व्यक्ती' गुप्तपणे नोंदवता येते. विद्यार्थी २४ तास बेपत्ता असल्याचं ठरलं की पुढच्या २४ तासांत विद्यापीठाने त्या व्यक्तीला कळवायचं असतं, आणि पोलिसांनाही. विद्यार्थी १८च्या आतला असेल तर पालकांनाही कळवावंच लागतं. १८च्या पुढे मात्र नाव नोंदवलेलं नसेल तर भारतातल्या आईवडिलांना फोन येईलच असं नाही. ही व्यक्ती नेहमीच्या आपत्कालीन संपर्कापेक्षा वेगळी असू शकते, फॉर्मही वेगळा असतो. अमेरिकेतच राहणारा, रात्री फोन उचलणारा नातेवाईक किंवा मित्र इथे घाला. भारतातला नंबर द्यायचा तर सुरुवातीला ९१ हा देशाचा कोड लिहा. हॉस्टेल बदललं की नोंद पुन्हा तपासा. कॅम्पसबाहेर राहणाऱ्यांना ही सोय नाही. त्यांनी घरमालकाचा नंबर, दोन रूममेट्सचे नंबर आणि कॅम्पस पोलिसांचा साधा दहा अंकी नंबर घरी लिहून ठेवावा, कारण भारतातून ९११ हा तिकडचा आपत्कालीन नंबर लावला तर तो अमेरिकेतल्या पोलिसांकडे जात नाही.